तुमच्या पीपीओवरची ती एक ओळ

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहिते आहे. माझे मिस्टर सैन्यात नायक होते. जानेवारी २०१२ मध्ये कुपवाड्याकडे, नियंत्रण रेषेजवळच्या चौकीवर ड्युटीला असताना रात्री त्यांच्या छातीत कळ आली. बर्फाने वाट बंद होती, हेलिकॉप्टर येऊ शकलं नाही, पहाटे ते गेले. तेव्हा मुलगा पाच वर्षांचा होता, मुलगी तीन.

गावाने कमानीवर त्यांचं नाव लावलं. १५ ऑगस्टला, २६ जानेवारीला मला बोलावून शाल-श्रीफळ देतात. पण घर चालवताना जीव मेटाकुटीला येतो. चार वर्षांपूर्वी पेन्शन एकदम कमी झाली. बँकेत विचारलं तर म्हणाले, वरूनच कमी आलीय. मुलगा पुण्यात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याच्या खोलीचं भाडं आणि मेस. मुलगी बारावीला. सासूबाईंची औषधं. गॅस, तेल, डाळ यांचं तर तुम्हाला सांगायला नको. एटीएम कार्ड दिरांकडे असतं, पेन्शनला मोबाईल नंबरही त्यांचाच आहे. ते देतात त्यात भागवते. पासबुकात दर महिन्याला एक हप्ता कापलेला दिसतो, तो कशाचा हे विचारायचं धाडस झालेलं नाही.

सरकार आमच्यासारख्यांची पेन्शन वाढवणार आहे का? आठव्या वेतन आयोगात काही होईल का? आणि जवानाच्या बायकोने पैशासाठी भांडत बसावं का? लोक काय म्हणतील? पीपीओचा, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा, फोटो सोबत पाठवते.

— एक वाचक

उत्तर

ताई, पीपीओचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. तो नसता तर मी तुम्हाला महागाई भत्त्यावर चार गोष्टी सांगितल्या असत्या आणि मूळ दुखणं तसंच राहिलं असतं.

त्या कागदावर वरून तिसऱ्या-चौथ्या ओळीत पेन्शनचा प्रकार इंग्रजीत छापलेला आहे. त्याचा अर्थ साधारण कुटुंब निवृत्तिवेतन. त्याखाली दोन रकमा आहेत. पहिली वाढीव दराची, जानेवारी २०२२ पर्यंत. दुसरी नेहमीच्या दराची, त्यानंतर कायम. तुमची पेन्शन चार वर्षांपूर्वी का घसरली, याचं उत्तर हेच आहे. नोकरीत असताना जवान गेला, की साधारण पेन्शनमध्ये पहिली दहा वर्षं शेवटच्या पगाराच्या ५० टक्के मिळतात आणि दहा वर्षं पुरी झाली की ती ३० टक्क्यांवर येते. बँकेने काही कापलं नाही, दिरांनीही नाही. नियमच तसा आहे. बँकेतल्या माणसाने पाच मिनिटं काढून हे सांगितलं असतं तर तुमची चार वर्षं घोर लावून घेण्यात गेली नसती.

पण माझा खरा प्रश्न पुढचा आहे. तुम्हाला साधारण पेन्शन का?

सैन्यातल्या जवानाच्या पत्नीला मिळणाऱ्या पेन्शनचे मुख्य तीन प्रकार आहेत. मृत्यूचा नोकरीशी संबंध नाही असं ठरलं, तर साधारण. सैन्यातल्या नोकरीमुळे मृत्यू ओढवला किंवा नोकरीमुळे आजार बळावला असं ठरलं, तर विशेष कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे पगाराच्या ६० टक्के. आणि युद्ध, सीमेवरची चकमक, अतिरेक्यांविरुद्धची कारवाई, सरकारने जाहीर केलेली मोहीम यांत मृत्यू झाला, तर उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन. त्यात शेवटचा पगार पुराच्या पुरा मिळतो. शेवटच्या दोन प्रकारांत दहा वर्षांनी घसरण नाही.

आकडे मांडून बघा. हिशेबाला सोपा म्हणून पगार ३०,००० धरू. साधारण पेन्शन नेहमीच्या दराने ९,०००. विशेष १८,०००. उदारीकृत ३०,०००. यावर महागाई सवलत, जिला आपण सगळे 'डीए'च म्हणतो, जुलै २०२५ पासून ५८ टक्के झाली होती. ती धरली तर साधारणचे हातात १४,२२० येतात, विशेषचे २८,४४०, उदारीकृतचे ४७,४००. डीए वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून वाढतो, पण तो मूळ रकमेवर वाढतो. मूळ रक्कमच तोकडी असेल तर प्रत्येक वाढ तोकडीच येणार. तुमच्या घरात महागाई इतकी का टोचते, त्याचं मोठं कारण तेलाच्या डब्याच्या भावाइतकंच या एका ओळीत आहे.

आता तुमच्या मिस्टरांचं बघू. मृत्यूचं कारण हृदयविकार असं लिहिलं गेलं असणार. कागदावर हृदयविकार आला की पुष्कळदा नैसर्गिक मृत्यू, नोकरीशी संबंध नाही, असा शेरा पडतो आणि फाइल साधारण पेन्शनच्या गठ्ठ्यात जाते. पण धडधाकट म्हणून भरती झालेला पस्तिशीच्या आतबाहेरचा माणूस जानेवारीच्या बर्फात, नियंत्रण रेषेवरच्या चौकीत ड्युटीवर असतो, त्याच्या छातीत कळ येते आणि वाट बंद म्हणून त्याला दवाखाना मिळत नाही. या मृत्यूचा नोकरीशी संबंध नाही, हे मला पटत नाही. आणि न्यायालयांनाही अशा बाबतीत ते पटलेलं नाही.

३ डिसेंबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल तुमच्या वकिलाला आवर्जून दाखवा. तोही एका नायकाच्या पत्नीचाच खटला होता. जानेवारी २०१३ मध्ये 'ऑपरेशन रक्षक' या काश्मीरमधल्या लष्करी मोहिमेत, नियंत्रण रेषेजवळ, कडाक्याच्या थंडीत गस्तीवर असताना त्या जवानाला श्वासाचा त्रास सुरू झाला. हवामान खराब म्हणून त्याला हेलिकॉप्टरने हलवता आलं नाही आणि तो गेला. त्याच्या मृत्यूची नोंद आधी 'बॅटल कॅज्युअल्टी' (लढाईच्या कामगिरीतला मृत्यू) अशी झाली होती, ती नंतर बदलून 'फिजिकल कॅज्युअल्टी' (लढाईशी संबंध नसलेला मृत्यू) करण्यात आली. पत्नीला विशेष पेन्शन मिळाली, उदारीकृत नाकारली गेली. ती सशस्त्र दल न्यायाधिकरणात गेली आणि जिंकली. त्यावर केंद्र सरकार अपिलात सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने अपील फेटाळलं आणि उलट सरकारलाच ५०,००० रुपयांचा खर्च त्या बाईला द्यायला लावला. जवानाच्या विधवेला असं कोर्टात ओढायला नको होतं, असंही सुनावलं. या निकालाचा आधार लष्कराचा स्वतःचा २००३ चा आदेश होता: आंतरराष्ट्रीय सीमेवर किंवा नियंत्रण रेषेवर तैनात असताना नैसर्गिक आपत्तीमुळे किंवा हवामानामुळे उद्भवलेल्या आजाराने जवान गेला, तर ती बॅटल कॅज्युअल्टी धरायची.

तुमची हकिकत याच्याशी किती जुळते बघा. फरक असा की त्या बाईला निदान विशेष पेन्शन तरी मिळत होती. तुम्हाला तीही नाही.

दुसरा आधार सर्वोच्च न्यायालयाच्याच २०१३ च्या एका निकालाचा. जवान भरतीच्या वेळी निरोगी ठरला असेल आणि त्याच्या भरतीच्या कागदात त्या आजाराची कुठलीच नोंद नसेल, तर पुढे झालेला आजार नोकरीमुळेच झाला असं गृहीत धरायचं. तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. हा खटला अपंगत्वाच्या पेन्शनचा होता, पण विशेष कुटुंब पेन्शनच्या दाव्यांतही वकील तो मांडतात. उदारीकृत मिळणं हे 'ऑपरेशन'चा संबंध कागदावर किती पक्का दिसतो यावर अवलंबून राहील. विशेष पेन्शनचा दावा मात्र मला चांगलाच भक्कम वाटतो. दोन्ही मागा. उदारीकृत द्या, ती देत नसाल तर निदान विशेष द्या, अशा क्रमाने.

यासाठी आधी कागद हवेत, आणि ते मिस्टरांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात आहेत. माहिती अधिकाराचा अर्ज करा, फी दहा रुपये, पोस्टल ऑर्डर जोडली की झालं. मृत्यूचा कॅज्युअल्टी रिपोर्ट, त्या दिवसाबद्दलचा कमांडिंग ऑफिसरचा अहवाल, कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली असेल तर तिची प्रत, शवविच्छेदनाचा अहवाल, भरतीची वैद्यकीय तपासणी, आणि मृत्यू नोकरीशी संबंधित नाही असं कोणी, कधी, कशाच्या आधारे ठरवलं तो कागद. हा शेवटचा कागद सगळ्यात महत्त्वाचा. तो तुम्हाला २०१२ मध्ये पोस्टाने आलेलाही असेल. त्या वेळी आलेले लिफाफे घरात कुठल्या ट्रंकेत असतील तर एकदा सगळे काढून बघा, एकही फाडू नका.

त्याच काळात त्यांच्याबरोबर चौकीवर असलेला कोणी जवान तुमच्या ओळखीचा असेल तर त्याला फोन करा. साताऱ्यात ते अवघड नाही, आपल्याकडे चार घरं सोडून एक फौजी असतो. त्या रात्री किती बर्फ होता, ते किती दिवस वर होते, त्या दिवशी गस्त झाली होती का, कळ आल्यापासून मदत मागितली ती कधी, हे त्याने प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं तर फाइलमधल्या 'हृदयविकार' या कोरड्या नोंदीमागे काय घडलं ते न्यायाधीशांना दिसेल.

कागद आले की रेकॉर्ड ऑफिसमार्फत अपील, आणि तिथे नकार आला किंवा घोंगडं भिजत पडलं तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ. वकिलाच्या पैशांची धास्ती घेऊ नका. विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्यानुसार स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न किती हे बघितलं जात नाही. जवानांच्या कुटुंबांसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये 'वीर परिवार सहायता योजना' सुरू केली, तीही याचसाठी आहे. साताऱ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाल तेव्हा कल्याण संघटकांकडे तिची चौकशी करा.

चौदा वर्षं झाली, आता कोण ऐकणार, असं तुम्हाला कोणीतरी म्हणेल. पेन्शन हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय मानला जातो, त्यामुळे उशीर झाला म्हणून दरवाजा बंद होत नाही. पण थकबाकी साधारणपणे अर्ज दाखल केल्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. म्हणजे तुम्ही जितके महिने थांबाल तितक्या महिन्यांचा फरक कायमचा बुडाला. वरच्याच हिशेबात साधारण आणि विशेष यांतला फरक महिन्याला १४,२२० रुपये निघतो. तुमच्या मुलाच्या खोलीचं भाडं आणि मेस त्यात बसते. दिवाळीनंतर बघू, मुलीची बारावी होऊ दे, असं करू नका. माहिती अधिकाराचा अर्ज याच आठवड्यात टाका.

आठव्या वेतन आयोगाचं विचारलंत. आयोग नेमला गेला आहे, न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई अध्यक्ष आहेत, ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच्या कार्यकक्षेला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि अहवालाला १८ महिने दिले. वाढ होईल. पण आयोगात बहुतेक वेळा आहे त्या मूळ रकमेला एका आकड्याने गुणलं जातं. तुम्ही साधारणमध्येच राहिलात तर गुणाकारही साधारणचाच. उदारीकृत मिळालेल्या बाईशी असलेली तुमची दरी त्या दिवशी आणखी रुंद होईल. आयोग यायच्या आत प्रकार बदलून घ्यायचा, असं मनाशी ठरवा. 'वन रँक वन पेन्शन'ची, म्हणजे एकाच हुद्द्याला आणि तेवढ्याच नोकरीला सारखी पेन्शन या योजनेची, शेवटची सुधारणा १ जुलै २०२४ पासूनची आहे, ती तुमच्या खात्यात लागू झाली का तेवढं 'स्पर्श'वर, म्हणजे संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन पोर्टलवर, बघून घ्या.

खटला चालेल तोवर घर चालवायचं आहे, म्हणून हातात लगेच येण्यासारखं काय ते सांगते. हवालदारपर्यंतच्या हुद्द्याच्या जवानांच्या मुलांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून शिक्षणासाठी अनुदान मिळतं, दोन मुलांपर्यंत, पदवीपर्यंत. १ नोव्हेंबर २०२५ पासून ते दरमहा १,००० वरून २,००० झालं आहे. मुलीच्या लग्नाचं अनुदान ५०,००० वरून एक लाख झालं, पण ते पुढचं पुढे. पंतप्रधान शिष्यवृत्तीचा अर्ज फक्त पहिल्या वर्षाला करता येतो, त्यामुळे मुलाची संधी गेली. मुलीची आहे. बारावीला किमान ६० टक्के गुण आणि पुढे व्यावसायिक पदवीला प्रवेश, तर मुलीला महिन्याला ३,००० मिळतात. प्रवेश झाल्या झाल्या अर्ज भरायला बसवा तिला. घरपट्टी भरत असाल तर ग्रामपंचायतीत माजी सैनिक सन्मान योजनेखाली माफी मागा. पुढे बॅटल कॅज्युअल्टी मान्य झाली तर मुलांच्या शिकवणी शुल्काची पूर्ण सवलत, 'ईसीएचएस' या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची वर्गणी माफ, पेन्शनवर आयकर नाही, असं बरंच काही त्याच ओळीमागून येतं.

आता दिरांचा विषय. तुम्ही पत्रात त्यांच्याबद्दल वाईट एक शब्द लिहिला नाहीत. २०१२ मध्ये तुम्ही दोन लहान मुलं घेऊन बसला होतात तेव्हा कागदपत्रांसाठी खेटे त्यांनीच घातले असणार. त्यांची ती मदत विसरायचं कारण नाही. पण पेन्शन तुमच्या नावाची आहे आणि ती कुठे जाते हे तुम्हाला कळलंच पाहिजे. दर महिन्याला कापला जाणारा हप्ता बहुधा पेन्शनवर काढलेल्या कर्जाचा आहे. ते कर्ज तुमच्या सहीने झालं असेल, कशावर सही करतोय हे न कळता. आधार कार्ड आणि पासबुक घेऊन तुम्ही स्वतः शाखेत जा. वर्षभराचा खातेउतारा मागा, कर्जाचं मंजुरीपत्र मागा, किती बाकी आहे ते लिहून मागा. मुलीला बरोबर न्या, तिला इंग्रजी वाचता येतं.

कार्ड परत घेताना भांडण नको. सासूबाई समोर असताना, शांतपणे, एवढंच म्हणा: "भावजी, आजवर तुम्ही सगळं बघितलंत. आता पोरं मोठी झाली, कोर्टाचं काम सुरू करायचंय, त्यासाठी कार्ड आणि नंबर माझ्याकडे लागणार." ते खोटंही नाही. 'स्पर्श'वर प्रत्येक गोष्टीला ओटीपी लागतो आणि तो आज दिरांच्या फोनवर जातो. म्हणजे तुमच्या पेन्शनचं कुलूप तुमचं आणि किल्ली त्यांच्याकडे. कॉमन सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा बँकेच्या 'स्पर्श' केंद्रात जाऊन नंबर तुमचा करून घ्या. हयातीचा दाखलाही मग तुम्हीच भरा. शेतातल्या कामाने बोटांचे ठसे मशीनवर उमटत नसतील तर आता मोबाईलवर चेहरा दाखवून 'जीवन प्रमाण' करता येतं, मुलगी दोन मिनिटांत करून देईल.

दिर नाहीच ऐकले तर बँकेत जुनं कार्ड बंद करायचा अर्ज द्या आणि नवं मागवा. त्यासाठी त्यांची सही लागत नाही.

लोक काय म्हणतील, हे तुम्ही सगळ्यात शेवटी विचारलंत, पण पत्रात ते प्रत्येक ओळीत आहे. ताई, सरकारने जवानाला भरती करताना त्याच्याशी एक करार केला आहे: तू सीमेवर उभा राहा, तुला काही झालं तर घरच्यांचं आम्ही बघू. तुमच्या मिस्टरांनी त्यांची बाजू बर्फात उभं राहून पाळली. दुसऱ्या बाजूने अजून बाकी आहे. ती बाकी मागण्यात कमीपणा कसला? मला उलट राग याचा येतो की दर १५ ऑगस्टला शाल देणाऱ्यांपैकी एकाने तरी इतक्या वर्षांत तुमचा पीपीओ हातात घेऊन बघायला हवा होता. पुढच्या वेळी बोलावतील तेव्हा सरपंचांना, आमदारांना अर्जाची एक प्रत द्या आणि सैनिक कल्याण कार्यालयाला पत्र लिहायला सांगा. ते लिहितील. त्यांना आजवर कोणी सांगितलेलंच नसतं.

तुमच्यासारख्या आणखी कोणी तुमच्या किंवा शेजारच्या गावात असतील. ज्यांची पेन्शन दहा वर्षांनी अचानक कमी झाली, त्या प्रत्येकीने तो कागद एकदा कोणा जाणत्याकडून वाचून घ्यावा. जुन्या लढायांतल्या कोणी आजी असतील, तर त्यांचं वय ८० पुरं झालं का विचारा. ८० व्या वर्षी पेन्शन २० टक्क्यांनी वाढते, ८५ ला ३० टक्के, ९० ला ४०. पण कागदावर जन्मतारीख नसेल तर ती वाढ आपोआप लागत नाही, आधार किंवा शाळेचा दाखला देऊन तारीख नोंदवून घ्यावी लागते.

रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर आलं की त्याच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून मला पाठवा, विशेषतः ज्या पानावर मृत्यूचं वर्गीकरण लिहिलं आहे ते. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच कार्यालयात पहिलं अपील करायचं असतं. त्याचा मसुदा मी तयार करून देईन.